उन्हाची पत्रिका

अक्कलदाढ आली की माणसाला अक्कल येते म्हणतात. रंजनाबाई टेकाड्यांच्या घरात उलटंच झालं. तिथे एका अक्कलदाढेनं बासष्ट वर्षांच्या शहाण्यासुरत्या बाईची होती तीसुद्धा अक्कल काढून घेतली.

जानेवारी २०४३ मधली गोष्ट. अमरावतीच्या एका कर्करोग रुग्णालयात डॉक्टर नूतन ढोमणे यांच्यासमोर रंजनाबाई आणि त्यांची थोरली लेक मृण्मयी बसल्या होत्या. मृण्मयी सदतीस वर्षांची होती. दिवाळीनंतर तिच्या उजव्या स्तनात गाठ सापडली होती. केमोचे दोन डोस होऊन गेले होते, तिसरा महिनाअखेरच्या गुरुवारी होता.

"खरं सांगते, गाठ जिथल्या तिथं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आता मला एक वेगळी तपासणी करायची आहे. मृण्मयी, तुझी अक्कलदाढ कधी काढली होती का?"

मृण्मयी हसली. डोक्याच्या रुमालाखाली केस उरले नव्हते, भुवयाही विरळ झाल्या होत्या, पण हसणं शाबूत होतं. "एकच आली होती मॅडम. बाबा म्हणायचे, पोरीला अक्कल चौथाईच मिळाली. तीही बाविसाव्या वर्षी काढली."

"टाकून दिली?"

"आमच्या घरात? आईनं माझं जावळसुद्धा डब्यात ठेवलंय."

डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर एका दाढेचा उभा छेद दाखवला. झाडाच्या बुंध्यात असतात तसे त्यात थर होते, काही उजळ, काही काळपट. अक्कलदाढ नवव्या वर्षाच्या आसपास हिरडीच्या आत घडायला लागते आणि विशीपर्यंत थरावर थर चढवत राहते. अंगाला ऊन मिळालं, त्यातून ड जीवनसत्त्व तयार झालं, की थर घट्ट बसतो. ते कमी पडलं की थरात बारीक पोकळ्या राहतात. तीन वर्षांपूर्वी निघालेलं एक यंत्र क्ष-किरणांनी या पोकळ्या मोजायचं आणि कोणत्या वर्षी शरीरात ड किती होतं ते महिन्यागणिक सांगायचं. त्या पिढीच्या दाढांमध्ये २०२० सालच्या टाळेबंदीची एक काळपट रेघ बहुधा असेच, आणि तिच्यावरून पुढचीमागची वर्षं मोजता येत. अहवालाला डॉक्टर 'सूर्यपट' म्हणत. लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं उन्हाची पत्रिका.

"पण दाढेचा आणि गाठीचा काय संबंध?" मृण्मयीनं विचारलं.

"उन्हामुळं कातडीत ड तयार होतं. मग यकृत आणि मूत्रपिंड त्याचं संप्रेरक बनवतात. स्तनातल्या पेशींना त्याच्यासाठी जणू एक कुलूप असतं. ही चावी बसली की पेशी शहाण्यासारखी वागते, आपलं काम शिकते आणि उगाच वाढत नाही. ड कमी असलेल्या बायकांमध्ये हा आजार जास्त दिसतो, हे जुनंच निरीक्षण. गोळ्या देऊन तो टळतो का, याचं उत्तर मात्र कधी धड मिळालं नाही. आता असं दिसतंय, की छाती घडण्याच्या वयात, दहा ते अठरा, ही चावी फारच कमी मिळाली तर काही जणींची कुलपं गंजून बसतात. मागून कितीही गोळ्या द्या, उपयोग होत नाही." डॉक्टर थांबल्या. "म्हणजे ऊन कमी मिळालं म्हणून आजार झाला, असं नाही हं. अनुवंश असतो, वय असतं, दहा धागे असतात. हा त्यातला एक. आणखी एक. सावळ्या कातडीला तेवढंच ड बनवायला गोरीपेक्षा कितीतरी जास्त ऊन लागतं."

यापुढं डॉक्टर जे बोलल्या ते सगळ्यात महत्त्वाचं होतं. पण रंजनाबाईंचे कान 'सावळ्या कातडीला' या शब्दांपाशीच बंद झाले.

"काकू, दाढ उद्या आणाल नं?"

"आणते की," रंजनाबाई म्हणाल्या.

जावई समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होते, तीन महिन्यांनी एकदा येत. त्यामुळे रंजनाबाई दिवाळीपासून लेकीच्याच घरी मुक्कामाला होत्या. त्या दुपारी त्या एकट्याच आपल्या बंद घरी गेल्या आणि कपाटातला स्टीलचा डबा काढून पलंगावर बसल्या.

डब्यात कुंकवाच्या दोन जुन्या करंड्या होत्या. एकीवर मृण्मयीच्या लाडक्या नावाची चिठ्ठी होती 'मिनू, २०२८', दुसरीवर धाकट्या लेकीची, 'गार्गी, २०३२'.

रंजनाबाई स्वतः काळ्या. त्यांच्या तरुणपणी अकरा स्थळांनी त्यांना नाकारलं होतं. "मुलगी हुशार आहे, पण," असं म्हणून पाहुणे थांबत आणि त्या 'पण'पुढचं चहाबरोबर गिळून टाकत. बाराव्या वेळी टेकाडे मास्तर भेटले, भले गृहस्थ, त्यांना रंगाचं काही नव्हतं. पण अकरा वेळा पोह्यांची बशी घेऊन बाहेर गेलेल्या बाईला एका भल्या माणसानं बरं वाटत नाही. धाकटी गार्गी वडिलांवर गेली, केतकीसारखी. ती खो-खो खेळली, भर दुपारी पतंग उडवत गच्चीवर नाचली, तिच्या रंगाची कोणाला धास्ती नव्हती. मृण्मयी मात्र आईवर गेली.

मग मृण्मयीच्या खोलीला जाड पडदे लागले. सायकलवर बसताना सनकोट, हातमोजे आणि डोळे सोडून सगळं तोंड बांधणारा स्कार्फ. आठवड्यातून दोनदा बेसन आणि लिंबू. आणि दर जूनमध्ये शाळेच्या बाईंना एक चिठ्ठी: 'मुलीस उन्हाने चक्कर येते, कृपया मैदानावर पाठवू नये.' पोरीला कधी चक्कर आली नव्हती. सूर्य डोक्यावर आग ओकतो अशा गावात एक मुलगी बरणीतल्या लोणच्यासारखी झाकून वाढली. आणि हे सगळं मायेपोटी, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

जिला जास्त ऊन हवं होतं नेमकं तिलाच झाकलं, एवढं रंजनाबाईंना कळलं होतं. ते आता यंत्र सांगणार होतं, महिन्यागणिक, काळ्या दगडावरच्या रेघेसारखं. मृण्मयी ते वाचणार होती.

त्यांनी विचार केला, असं म्हणता येणार नाही. हातांनीच केलं. दोन्ही चिठ्ठ्या सोडवल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या. झालं गेलं काही बदलत नाही, मग आजारी पोरीला त्याचा आणखी ताप कशाला, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मनातल्या मनात त्यांना माहीत होतं, की ताप पोरीचा नव्हे, स्वतःचाच चुकवायचा होता.

अहवाल शनिवारी आला. पडद्यावर दहा वर्षांचा पट्टा उजळला होता, त्यात एकच बारीक काळी रेघ.

"छान ऊन आहे हे," डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांच्या कपाळाला आठी होती. "फक्त ही टाळेबंदीची रेघ कुठं आहे पाहा. अगदी माथ्याजवळ. त्या वर्षी तू चौदाची होतीस, म्हणजे ती आणखी खाली, मुळाकडं यायला हवी. चार वर्षांचा फरक पडून राहिला." त्या रंजनाबाईंकडं वळल्या. "काकू, दाढ हिचीच नं नक्की?"

चोराच्या मनात चांदणं. रंजनाबाईंना वाटलं, खोलीतले सगळे आपल्याच तोंडाकडं पाहून राहिले.

"हिचीच तर," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी आहे की वर. उशिरा आली होती हिला दाढ."

"असं होतं कधीकधी." डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "मग 'किल्ली'चा विषय संपला, मृण्मयी. मी त्या दिवशी म्हटलं होतं नं, ते औषध. गंजलेली कुलपं उघडतं ते, आणि मग केमोबरोबर ड द्यायचं. पण ज्यांच्या दाढेत सावली आहे त्यांनाच त्याचा उपयोग. बाकीच्यांच्या रक्तात नुसतं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंडं जातात. तुझ्या दाढेत सावलीच नाही. गुरुवारी आपण नेहमीचाच डोस देऊ. बघू."

औषधाचं हे रंजनाबाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. आत्ता बोलावं. आत्ता, याच खुर्चीत. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात मृण्मयीनं त्यांचा हात धरला. "आई, म्हणजे माझ्या उन्हाचा काही प्रश्न नव्हता. तुझा काही दोष नाही गं." तिचे डोळे भरून आले होते. "काही दोष नाही."

रंजनाबाईंनी तोंड मिटलं.

पुढचे चार दिवस त्या घरात वावरल्या, पण कशातच नव्हत्या. भाजीत दोनदा मीठ टाकलं. देवापुढं बसल्या तर काय मागावं तेच सुचेना. पोरगी वाचू दे म्हणावं, तर देव म्हणेल, ते तुझ्याच हातात आहे बाई.

शेजारच्या राऊतबाई तिळगूळ घेऊन आल्या आणि तासभर आपल्या भाचीच्या लग्नाचं बोलत बसल्या. मुलाकडच्यांनी उन्हाची पत्रिका मागितली होती. "आधी म्हणे गोरी पायजे. आता म्हणे ऊन खाल्लेली पायजे. अन् गोरी तर पायजेच, बाप्पा!" एरवी रंजनाबाई हसल्या असत्या. गावातल्या आयांचं तसंच झालं होतं. कालपर्यंत पोरींना झाकणाऱ्या बायका आता त्यांना कुरडयांसारख्या गच्चीवर वाळत घालत होत्या. तेही थंडीतच जमायचं. मार्च ते जून सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत घराबाहेर पडायला बंदी असे, इतका उन्हाळा वाढला होता. जगातलं सगळं ऊन याच गावावर पडत होतं आणि कोणाच्या अंगाला लागत नव्हतं.

मंगळवारी रंजनाबाईंनी अकरा वर्षांच्या नातीला, जुईला, शाळेतून आल्याआल्या गच्चीवर नेलं आणि बाह्या वर करून उभं केलं. अर्धा तास झाला. जुई घामानं निथळली.

"आजी, आता पुरे नं. शाळेतही ऊन-तास झाला माझा."

"थांब थोडी. तुला ऊन पायजे."

"आई म्हणते, तिला तू उन्हात जाऊच द्यायची नाहीस. मला काहून कोंडून राहिली उन्हात?"

पोरीची बाही रंजनाबाईंनी अजून मुठीत धरून ठेवली होती. धरायची सवय जुनीच होती, फक्त बाजू बदलली होती. त्यांनी बाही सोडली.

"आई असं म्हणते?"

"हसत हसत सांगते. तिची शाळेची चिठ्ठी सांगते, चक्करवाली." जुई जिन्यावरून खाली पळाली.

बुधवारी दुपारी मृण्मयी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पातळ भात चिवडत बसली होती. तोंड आलं होतं, प्रत्येक घासाला डोळे मिटत होती. रंजनाबाईंनी कुंकवाची करंडी तिच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"तुझी दाढ."

"ती तर दवाखान्यात आहे."

"ती गार्गीची."

मृण्मयीनं चमचा खाली ठेवला. करंडी उचलली, वरची चिठ्ठी पाहिली, 'गार्गी, २०३२', मग आईकडं पाहिलं. समजायला तिला फार वेळ लागला नाही. आपल्याच माणसाची लबाडी लवकर ओळखू येते.

"मिनू, मला वाटलं, तुला ते दिसलं तर..."

"काय दिसलं तर?"

"मी तुला कसं ठेवलं ते."

"ते दिसायला दाढ लागते काय आई?" मृण्मयीचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "मी होती नं त्या घरात. ती चिठ्ठी मीच द्यायची बाईंना. सगळ्या पोरी मैदानावर, अन् मी वर्गात बेंच मोजत बसायची. माहीत आहे मला." ती थांबली. "शनिवारी दाढ चांगली निघाली तेव्हा मला काय वाटलं सांगू? वाटलं, मीच इतकी वर्षं तुला उगाच मनात धरून ठेवलं. तुझी माफी मागणार होती मी."

रंजनाबाईंनी टेबलाची कड धरली.

"औषधाचं तुला कधी कळलं?" मृण्मयीनं विचारलं.

"तिथंच. शनिवारी."

"आज बुधवार आहे."

"हो."

"लहानपणी तू जे केलं ते तुला चांगलं वाटलं म्हणून केलं. तुला कोणी सांगितलं नव्हतं, कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याचा हिशेब मी मागत नाही. पण हे चार दिवस, आई? हे कोणासाठी?"

उत्तर एकच होतं, आणि ते रंजनाबाईंनी दिलं. कदाचित आयुष्यात पहिल्यांदा त्या आडपडदा न ठेवता बोलल्या. "माझ्यासाठी. मला भीती वाटली. तू माझा हात धरला, ते सोडवेना."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मृण्मयीनं भाताची वाटी बाजूला सारली, रुमाल डोक्याला घट्ट बांधला आणि करंडी पर्समध्ये टाकली.

"तू येऊ नको," ती म्हणाली. "मी जाते."

रंजनाबाई तरीही गेल्या. रिक्षातल्या मागच्या सीटवर दोघींच्या मधे मृण्मयीची पर्स होती.

डॉक्टर रागावल्या, आणि रागावणं त्यांचा हक्क होता. गुरुवारचा डोस त्यांनी थांबवला, दाढ स्वतः यंत्राशी नेऊन ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दोघींना बोलावलं.

या वेळी पडद्यावर दोन पट्टे होते, एकाखाली एक. वर गार्गीची दाढ, दुधाळ उजळ. खाली मृण्मयीची. तिच्यात टाळेबंदीची रेघ वेगळी शोधावी लागत होती, कारण सगळाच पट्टा काळवंडलेला होता. नववं, दहावं, अकरावं वर्ष. तेरावं, पंधरावं. रंजनाबाई प्रत्येक थरापाशी आपण त्या वर्षी काय काय केलं ते आठवत होत्या. पडदे, हातमोजे, चिठ्ठी.

"हे काय आहे?" मृण्मयीनं अचानक बोट ठेवलं.

सोळाव्या वर्षापाशी, काळ्या थरांच्या मधोमध, एक स्वच्छ पांढरी रेघ होती. केसाएवढी.

डॉक्टरांनी मोजून पाहिलं. "२०२२. एप्रिलची अखेर ते जूनची सुरुवात. सहा आठवडे म्हण."

"दहावीची परीक्षा झाली होती," मृण्मयी म्हणाली. "आजीचं मांडीचं हाड मोडलं, तू जळगावला गेली होती आई. बाबा मला रोज सकाळी पोहायला नेत. उघडा तलाव होता. पोहून झालं की आम्ही काठावर ऊन खात बसायचो, बाबा चण्याची पुडी घ्यायचे." तिचा आवाज हळू झाला. "तू परत आली अन् दारातच म्हणाली, कोळशाच्या वखारीत ठेवली होती का पोरीला?"

रंजनाबाईंना आठवत होतं. नंतर महिनाभर लिंबू घासलं होतं. पोरगी रडायची, साल निघून चुरचुरायचं. आणि पोहणं बंद.

मृण्मयी त्या रेघेकडं पाहत होती, जसं कुणी जुन्या अल्बममध्ये आपला एकुलता एक चांगला फोटो पाहतं. रंजनाबाईंना वाटलं, लेकीनं ओरडावं, काही फेकावं. तिनं फक्त डॉक्टरांना विचारलं, "औषध कधी सुरू करायचं?"

'किल्ली' सोमवारी सुरू झाली. उपयोग होतोय की नाही ते कळायला दोन महिने लागणार होते. उशीर झाला का, हे रंजनाबाईंनी डॉक्टरांना एकट्यात गाठून विचारलं. "चार दिवसांनी फरक पडत नाही काकू," डॉक्टर म्हणाल्या. मग खरं बोलायचं ठरवून म्हणाल्या, "पडतो की नाही, ते मला सांगता येणार नाही."

घरात बोलणं कामापुरतं उरलं. औषध घेतलं का, पाणी ठेवलंय, जुईला डबा दिलाय. डॉक्टरांनी मृण्मयीला सकाळची दहा मिनिटं ऊन सांगितलं होतं, जास्त नाही. ती रोज न चुकता गच्चीवर जायची. एकटी.

रथसप्तमीला रंजनाबाईंनी पाटावर सूर्याचा रथ काढला. दरवर्षी काढत असत, एकही वर्ष चुकलं नव्हतं. सात घोडे, एक चाक. अंगणात गोवऱ्यांवर छोट्या बोळक्यात दूध ठेवलं आणि ते उतू जायची वाट पाहत हात जोडून बसल्या. पडदे लावलेल्या त्या सगळ्या वर्षांमध्येही आपण याच देवाला हात जोडत होतो, हे आज पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं. दूध उतू गेलं. नैवेद्याची वाटी घेऊन त्या जिना चढल्या.

मृण्मयी गच्चीवर सतरंजी टाकून बसली होती. रुमाल काढून बाजूला ठेवला होता. उघडं, गुळगुळीत डोकं तिनं मागं टेकवलं होतं, डोळे मिटले होते. सकाळचं ऊन थेट तोंडावर होतं. किती वर्षांनी रंजनाबाईंनी लेकीचं अख्खं तोंड उन्हात पाहिलं.

आणि इतक्या वर्षांची सवय ती, हात आपोआप पुढं झाला. वाटी खाली ठेवून त्यांनी रुमाल उचलला. "मिनू, डोकं झाक बाई, ऊन..."

त्या तशाच उभ्या राहिल्या, हातात रुमाल, लेकीच्या डोक्यावर वीतभर अंतरावर. झाकावं की काढावं, यातलं चांगलं काय, हेच आता त्यांना कळत नव्हतं.

मृण्मयीनं डोळे उघडले. आईकडं पाहिलं, रुमालाकडं पाहिलं. राग असेल, थकवा असेल, आणखीही काही असेल, रंजनाबाईंना ते वाचता आलं नाही.

"आई," ती म्हणाली, "तुझी सावली पडून राहिली अंगावर. बाजूला हो थोडी."

रंजनाबाई बाजूला झाल्या. दूर नाही, हातभरच. रुमालाची घडी घालून त्या कठड्याला टेकून खाली बसल्या, आणि लेकीची दहा मिनिटं मोजत राहिल्या.